देव नको, मग रविवारी जमायचं कशाला?

सातारा जिल्ह्यातल्या एक आजी सध्या मुलाकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळ आहेत. त्यांचं लांबलचक पत्र थोडक्यात देते.

‘मी ६९ वर्षांची. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात सहा महिने मुलाकडे असते. मुलगा-सून देव मानत नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यावरून मी कधी वाद घातला नाही. पण यंदा ते सात वर्षांच्या नातवाला घेऊन एक रविवार आड एका मंडळात जायला लागलेत. सगळे देव न मानणारे आईबाप. एका चर्चचा हॉल भाड्याने घेतात, गाणी म्हणतात, कुणीतरी चार शब्द बोलतं, मुलांचा वेगळा वर्ग असतो, मग घरून आणलेलं एकत्र बसून जेवतात. मी म्हटलं, देवच नको तर हे सोंग कशाला? मुलाला फार लागलं. इथल्या देवळातल्या बायका म्हणतात, पोरगं उद्या ख्रिश्चन होईल. म्हणून मी नातवाला रात्री गुपचूप शुभंकरोती शिकवलं, आणि नाही म्हटलं तर बाप्पा रागावतो असंही सांगितलं. त्याने ते आईला सांगितलं. तेव्हापासून सून कामापुरतं बोलते. माझं काय चुकलं? आणि माझ्यामागे माझे दिवस कोण घालणार?’

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि खरा दुसरा आहे. पण पहिली गाठ सुटल्याशिवाय त्याच्याकडे जाता येणार नाही.

मी देव मानते, हे आधीच सांगते. रोज दिवेलागणीला दिवा लावते, चतुर्थी धरते. त्यामुळे ‘हे सोंग कशाला’ हे तुमच्या तोंडून कसं निघालं ते मला पुरतं कळतं. एकत्र गाणं, एकत्र जेवणं, लेकरांना चार चांगल्या गोष्टी सांगणं, हे सगळं आपल्याकडे देवाच्या दारात होत आलं. यजमानालाच बाहेर ठेवून पंगत मांडावी, तसं आपल्याला ते वाटतं.

पण तुमचे यजमान गेले तेव्हाचे दिवस आठवा. तुम्हीच लिहिलंय, भजनी मंडळातल्या बायकांनी दहा दिवस पाळ्या लावून डबे पोचवले, एक जण रात्री सोबतीला झोपायला येत होती. गुरुवारचं भजन विठ्ठलासाठी होतं. त्या दहा दिवसांत दारात उभ्या राहिल्या त्या बायका. तुम्ही म्हणाल, त्या त्यानेच पाठवल्या. मीही तेच म्हणेन. तुमचा मुलगा म्हणेल, बायका आपल्या मनाने आल्या. यावर आपलं आणि त्याचं कधी जुळायचं नाही. पण डबा लागतो, यावर सगळ्यांचं जुळतं. परमुलखात, जिथे अडीअडचणीला मावशी नाही की काकू नाही, तिथे ते दोघं त्या डब्याची सोय करताहेत.

अमेरिकेत तर ही सोय पिढ्यानपिढ्या चर्चच करत आलंय. कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, तर जेवण चर्चमधल्या ओळखीतून येतं. सुट्टीतली शिबिरं तिथलीच. शाळेत झेंड्यासमोर म्हणायच्या प्रतिज्ञेत १९५४ पासून देवाचं नाव आहे, नोटांवरही आहे. स्काउटच्या वचनात देवाप्रति कर्तव्य येतं. नव्या वर्गात पोराला ‘तुम्ही कुठल्या चर्चमध्ये जाता’ असं विचारलं जातं, आणि त्याला सांगायला काही नसतं. कुठल्याच धर्माशी स्वतःला न जोडणारी माणसं तिथे २००७ साली शंभरात सोळाच्या आसपास होती, आता जवळजवळ एकोणतीस आहेत. यातली पुष्कळशी धार्मिक घरांत वाढलेली. देवावरचा विश्वास उडाला, आणि त्याच्यासोबत रविवारची माणसंही गेली. मूल झाल्यावर ती पोकळी टोचायला लागते, कारण मोठ्या माणसाचं एकटं भागतं, लेकराचं भागत नाही.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. न्यूयॉर्कमध्ये फेलिक्स अ‍ॅडलर म्हणून एक तरुण होता. वडील तिथल्या मोठ्या ज्यू मंदिराचे धर्मगुरू, आणि मुलाने पुढे तीच गादी चालवावी अशी सगळ्यांची इच्छा. १८७३ साली त्याने तिथे प्रवचन दिलं, त्यात देवाचं नावच आलं नाही. मंडळी अस्वस्थ झाली. गादीचा विषय तिथेच संपला. १८७६ साली, पंचविशीही ओलांडलेली नसताना, त्याने ‘एथिकल कल्चर’ची संस्था काढली. देव माना अथवा मानू नका, चांगलं वागण्यासाठी एकत्र येऊ, एवढंच तिचं म्हणणं. दोनतीन वर्षांत त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी सुरू केली आणि गरिबांच्या घरी शिकलेल्या परिचारिका पाठवायला लागले. रविवारी सभा भरायची, आजही भरते. त्या बापाच्या मनात काय चाललं असेल याचा मी तुमचं पत्र वाचताना फार विचार केला.

देवळातल्या बायकांचं म्हणणं मात्र सोडून द्या. हॉल चर्चचा म्हणून पोर ख्रिश्चन होत नाही. आपल्या लोकांच्या मराठी शाळाही तिकडे भाड्याच्या हॉलमध्येच भरतात. खरं तर चर्चची माणसं यांना जागा देतात, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते. तेही देव मानणारेच आहेत.

आता जे चुकलं त्याबद्दल. शुभंकरोती शिकवणं वाईट नाही. गुपचूप शिकवणं चुकलं, आणि ‘बाप्पा रागावतो’ हे त्याहून चुकलं. ताई, सात वर्षांचं पोर रात्री अंधारात पडलेलं असतं आणि त्याला वाटत असतं, आपल्यावर कुणीतरी रागावलंय, आणि आईबाबांवर तर रोजच रागावत असणार. तुमचा विठ्ठल असा आहे का? कंबरेवर हात ठेवून वाट बघत उभा राहणारा तो. ज्याला तुम्ही माऊली म्हणता, त्याच्या तोंडी तुम्ही धमकी घातलीत. नातवाला जवळ घ्या आणि सांगा, ‘आजी त्या दिवशी खोटं बोलली, बाप्पा तुझ्यावर रागावत नाही.’ सुनेच्या देखत सांगा. माफीचं वेगळं बोलणं मग करावंच लागणार नाही.

सुनेकडूनही एक गोष्ट मागून घ्या. तुमच्या खोलीत तुमचे देव राहतील, संध्याकाळी दिवा लागेल, आणि नातू दारात येऊन ‘आजी, हे काय करतेस’ म्हणाला तर तुम्ही खरं उत्तर द्याल: ‘मी देव मानते म्हणून करते, तुझे आईबाबा मानत नाहीत, तू मोठा झालास की तुझं तू बघ.’ यालाही त्यांनी हरकत घेतली तर मात्र चूक त्यांची. ज्या घरात पोराला सगळं विचारायची मुभा आहे म्हणतात, तिथे आजीलाही उत्तर द्यायची मुभा हवी. हे हवं तर माझ्या नावाने त्यांना वाचून दाखवा.

आगरकरांचं घर आठवतं मला. देव न मानणारा माणूस, पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. त्याच घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाई आपली व्रतवैकल्यं करत होत्या, आणि आगरकरांनी त्यांना आडकाठी केली नाही. बाहेर एवढं रान उठलेलं असताना.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. माझ्या भाचीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं, ना अक्षता ना मंगलाष्टकं. मी जेवायला थांबले नाही. चार वर्षं तिच्या घरी गेले नाही. तिचं पहिलं बाळंतपण त्या चार वर्षांत झालं. ती आता काही बोलून दाखवत नाही, पण मला अजून सलतं.

म्हणून पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत जा. पटवून घ्यायला नको, नुसतं बघायला. जाताना शिरा करून न्या, केळं घालून. सकाळी तुमच्या देवापुढे नैवेद्य दाखवा आणि तसं मुलाला सांगूनच डबा भरा. त्याला खायचा तर खाईल. तिथे गेल्यावर तुमच्या लक्षात येईल की ही माणसं अजून नवशिकी आहेत. लंडनमध्ये २०१३ साली एका जुन्या चर्चच्या इमारतीत अशीच एक रविवारची सभा सुरू झाली, बघता बघता तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या, आणि त्यातल्या कितीतरी काही वर्षांत बंदही पडल्या. सुरुवातीचा उत्साह ओसरला की खुर्च्या मांडणारं कुणी उरत नाही. तुमचं मंडळ इतकी वर्षं कसं टिकलं? पाऊस असो, लग्नसराई असो, गुरुवारी कुणीतरी सतरंजी अंथरतं. कोण आलं नाही याची चौकशी दुसऱ्या दिवशी होते. हे तुम्हाला हातचं येतं, त्यांना अजून शिकायचंय. विचारलं तर सांगा.

आणि आता ती शेवटची ओळ. ‘माझे दिवस कोण घालणार?’ सगळ्या पत्रात मला ही एकच ओळ कापऱ्या हाताची वाटली. तुमचा राग त्या हॉलवर नाही, ताई. पोरगा रविवारी तिथे गेला की तुम्हाला तुमचं तेरावं रिकामं दिसतं. पितृपक्षात वाढलेलं पान दिसत नाही.

यावर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तो कदाचित तुमच्यासाठी म्हणून सगळं करेल, विश्वास नसतानाही. असे मुलगे मी पाहिलेत, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. कदाचित म्हणेल, ‘आई, मंत्र मला जमणार नाहीत, तुझ्या नावाने मुलांच्या शिक्षणाला पैसे देईन, दरवर्षी सगळ्यांना जेवायला बोलावीन.’ मग विधी पुतण्याकडून व्हावेत असं तुम्हाला वाटलं, तर तेही आत्ताच ठरवता येतं. पुतण्याशी तुम्हीच बोला, मुलावर ते ओझं ठेवू नका. पण तुम्ही मनाशी ‘तो काहीच करणार नाही’ असं धरून बसल्या आहात, आणि त्याला तर हे कधी विचारलंच नाही.

परतीच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, तेव्हा बॅगा भरायच्या असतात. एखाद्या संध्याकाळी नातू झोपला की मुलाला जवळ बसवा. पेपरातल्या बाईने विचारायला सांगितलं असंही म्हणू नका. एवढंच विचारा, ‘मी गेले की तू काय करशील रे?’ आणि मग तो बोलेपर्यंत गप्प बसा. वेळ लागला तरी बसा.