बॅटरी एक, टूल दोन?

प्रश्न : लातूरला फर्निचरचं काम करतो. बॉशचा निळा १८ व्होल्टचा ड्रिल आहे. त्याची बॅटरी डिवॉल्टच्या २० व्होल्टच्या ग्राइंडरला चालेल का?

उत्तर : नाही. व्होल्टेज खरं तर एकच. दोन्हींच्या बॅटरीत पाच-पाच सेल (आतल्या छोट्या बॅटऱ्या), प्रत्येकाचे नेहमीचे ३.६ व्होल्ट धरले की १८, भरल्यावरचे साधारण ४ धरले की २०. अडतं ते बॅटरी बसवायच्या खाचेवर आणि मधल्या पिनांवर, ज्यांतून बॅटरी आपली स्थिती टूलला कळवते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या टूलला बसवणारा अडॅप्टर खाच जुळवतो, पण बऱ्याच अडॅप्टरांत मधल्या पिना जोडलेल्याच नसतात. मग बॅटरी संपली तरी टूल थांबत नाही आणि सेल २.५ व्होल्टच्या खाली गेले की कायमचे खराब होऊ लागतात. त्यापेक्षा बॉशच्या निळ्यातलाच, बॅटरीशिवाय मिळणारा नुसता ग्राइंडर घ्या. बॉशचाच घरगुती वापराचा हिरवा नको, त्याचा बॅटरी पॅक वेगळा. आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेला पॅक निवल्याशिवाय चार्जरला लावू नका.