गडचिरोलीत कामाला येणाऱ्या नव्या सोबत्याला

गावाच्या गरिबीचं कारण माणसांच्या आळसात शोधू नकोस, कागदात शोध. इंग्रजांचा 1927 चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या बांबू तोडणारा गोंड माणूस स्वतःच्याच जंगलात चोर ठरला. 2006 चा वनहक्क कायदा आला, 2009 मध्ये इथल्याच मेंढा-लेखा या गोंड गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडलं. खरी सत्ता त्या चिठोऱ्यात अडकली होती!

आणि ग्रामसभेत घाई करू नकोस. मेंढा-लेखात बहुमतानं ठराव होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. मागं बसलेल्या बायका काय कुजबुजतात तिकडं कान दे. मोहफुलं वेचणारे हात त्यांचेच. गोंडी शिकायला आजच लाग.