छातीच्या वॉर्डात मुलगी नको?

प्रश्न: मुलगी यंदा बी.एस्सी. नर्सिंग झाली. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलनं श्वसनविकार विभागातल्या वर्षभराच्या नर्स रेसिडेन्सीसाठी तिला घेतलंय. स्टायपेंड स्टाफ नर्सच्या पगारापेक्षा कमी. चार वर्षं शिकून पुन्हा ट्रेनिंग कशाला? शिवाय तिथे टीबीचे पेशंट. पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचंय. नॉरसेट (एम्सची नर्स भरतीची परीक्षा) द्यावी की जर्मनीला जावं? – एक वडील, हडपसर

उत्तर: तुमचं पूर्ण पत्र (वर त्याचा सारांशच आहे) दोनदा वाचलं. लग्नाचा विषय त्यात चार वेळा आलाय; मुलीला काय हवंय, ते एकदाही नाही. 'स्थळं विचारतात, कुठल्या वॉर्डात असते?' असं तुम्ही लिहिता. विचारू देत. ज्यांना छातीच्या वॉर्डातली सून चालत नाही, त्यांना मुळात नर्सच चालणार नाही, मग ती बाळंतिणींच्या वॉर्डात का असेना. आज वॉर्ड बदलून ते झाकलं, तर लग्नानंतरच्या पहिल्या नाइट ड्यूटीला बाहेर येईल.

औंधच्या छातीच्या दवाखान्यावरून जाताना माझी आजी पदर नाकाला लावायची. तुमच्या पत्रात मला तो पदर दिसला. टीबी हवेतून पसरतो आणि नर्सेसना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरंच. पण निदान झालेला पेशंट औषधावर असतो आणि त्याच्याजवळ सिस्टर एन-९५ लावूनच जाते. औषध लागू पडलं, की बहुतेकांपासून होणारा संसर्ग काही आठवड्यांत खूपच कमी होतो. खरी भीती महिनाभर खोकत जनरल ओपीडीच्या रांगेत बसलेल्या माणसाची. त्याला काय झालंय हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून मास्कही कुणी लावलेला नसतो. तुम्ही मुलीला ज्या 'सुरक्षित' विभागात पाठवाल, तिथेही तो येणारच.

आता 'पुन्हा ट्रेनिंग'. समजा, नव्या सिस्टरला रात्री एकटीवर वॉर्ड सोडलाय. सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग आकसण्याच्या जुनाट आजाराचे आजोबा, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८९ टक्के. ती घाबरून ऑक्सिजन वाढवते, आकडा ९८ वर जातो, नातेवाईक खूश. अशा पेशंटला सहसा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. ऑक्सिजन जास्त झाला, तर कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. आजोबांना शांत झोप लागलीय असं वाटतं आणि ते गुंगीत जात असतात. हे पुस्तकात आहे, तुमच्या मुलीनं त्यावर मार्कही मिळवले असतील. पण रात्री अडीचला नॉबवरचा हात आवरायला शेजारी जुनी सिस्टर उभी असावी लागते. अमेरिकेत नव्या नर्सेससाठी अशी वर्षभराची रेसिडेन्सी चांगली रुळलीय. आपल्याकडचा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर रेसिडेन्सी कोर्स मात्र वेगळा. तो पदव्युत्तर आहे आणि त्याला आधी वर्षभराचा अनुभव लागतो.

पैशांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. रेसिडेन्सीच्या नावाखाली स्वस्तात स्टाफ भरणारे असतात. म्हणून तिला विचारायला सांगा: पहिले किती आठवडे तिला स्वतंत्र पेशंट देणार नाहीत? शिकवणारी सिस्टर ठरलेली असेल की रोज नवी? सक्शन (साठलेला कफ ओढून काढणं), छातीतल्या नळीची बाटली, ट्रकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राची) काळजी जमली, हे सही करून कोण सांगणार? बाँड किती? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार असतील, तर तिथूनच परत फिरा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीची मार्कशीट एका हॉस्पिटलनं दीड वर्ष अडकवली होती.

नॉरसेट एम्स वर्षातून दोनदा घेते, ड्यूटी सांभाळूनही देता येते. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला साधारण बी-२ पातळीपर्यंतची जर्मन भाषा लागते. क्लास संध्याकाळी लावता येईल.

ऑफर लेटर घेऊन मुलीला शनिवारी माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या, पण अर्धा तास खाली चहाच्या टपरीवर थांबा. मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय.