कुलूप, झुलूप आणि लॉर्ड फाँटलरॉय

एका भाषांतरकार ताईंनी विचारलं आहे: १८८०-९०च्या सुमारास अमेरिकेत लहान मुलग्यांचे केस खांद्यापर्यंत वाढवून त्यांच्या लांब गुंडाळ्या सोडत, त्या 'रिंगलेट्स'ना मराठीत काय म्हणावं? 'जावळ' चालेल का? सोबत 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' या इंग्रजी गोष्टीच्या भाषांतराचा संगणकाने करून दिलेला मसुदाही पाठवला आहे. त्यातलं एक वाक्य असं: 'त्या देखण्या चेहऱ्याभोवती प्रेमाची कुलुपे लहरत होती.'

हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

जावळाचं आधी उरकून टाकू. जावळ म्हणजे बाळाचे जन्मापासूनचे केस, आणि ते उतरवायचे असतात. मानेवर केस आलेल्या कॉलेजकुमाराला आजी 'जावळ काढायचं राहिलं वाटतं' म्हणते, ती थट्टा. पण हल्ली छापील मजकुरातसुद्धा लहान मुलाच्या कुठल्याही केसांना सरसकट जावळ म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाचं 'कुरळं जावळ' वाचलं की माझ्या कपाळाची शीर उडते. ज्या केसांना कात्री लागली, तेल लागलं, रोज रात्री गुंडाळून वळण लावलं, ते जावळ नव्हे. विषय संपला.

आता कुलुपे. ताई, तुमच्या संगणकाने मूर्खपणा केला खरा, पण फार रसाळ मूर्खपणा केला. इंग्रजीत दाराचंही लॉक आणि केसांचंही लॉक. वास्तविक हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत दाराचं एका 'सी'ने लिहीत, केसांचं दोन 'सीं'नी. पुढे स्पेलिंग एक झालं आणि घोळ झाला. तुमच्या वाक्यात मुळात 'लव्हलॉक्स' आहे. तो शब्द इंग्लंडातल्या दरबारी पुरुषांच्या फॅशनचा: एक बट लांब वाढवून खांद्यावर सोडायची. विल्यम प्रिन नावाच्या कडव्या प्युरिटनाने (म्हणजे नटण्यामुरडण्याला पाप मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाने) १६२८ साली या बटांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. (पुढे नाटकांविरुद्ध लिहिलेलं पुस्तक राजाराणीला झोंबलं आणि १६३४ साली या गृहस्थाचेच कान छाटले गेले. ते झाकायला लांब केस बरे पडले असते.) आणि पॅरिसमध्ये प्रेमी जोडपी पाँ दे झार या पुलाला जी खरीखुरी कुलुपं लावत, ज्यांच्या ओझ्याने कठडे वाकले आणि २०१५ साली सुमारे ४५ टन लोखंड उतरवावं लागलं, तीही 'लव्हलॉक्स'च. संगणकाने ती पॅरिसची कुलुपं उचलून बिचाऱ्या पोराच्या कानांवर लटकवली.

पण मी कप खाली ठेवला तो वेगळ्याच कारणाने. केसांच्या त्या लॉकला मराठीत नेमका शब्द आहे झुलूप. झुलूप आणि कुलूप! इंग्रजीत दोन्ही लॉक, मराठीत दोन्ही यमकात. हा योगायोगच, पण पाहा तो कसा घडला.

कुलूप मुळात अरबी 'कुफ्ल'. फारसीच्या बोलण्यातच फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि 'कुल्फ' झालं. मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी असं जोडाक्षर जमत नाही, ती मध्ये एक 'ऊ' घालते. हुक्मचा हुकूम, ज़ुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख. तसा कुल्फचा कुलूफ, आणि फ चा प होऊन कुलूप. खेड्यात 'माफ करा'चं 'माप करा' होतं, तोच हा प. (कुलफी? तीही याच घरची. झाकण घट्ट बसवलेल्या साच्यातली, म्हणून कुलफी. उन्हाळ्यात हे सांगून मी मुलांना फार छळतो.) आता फारसी 'ज़ुल्फ' घ्या, कानशिलावर रुळणारी बट. तीच वाट, तोच ऊ, तोच प: झुलूप.

मात्र एक गाठ उरते. फारसी ज़ मराठीत येताना बहुतेक वेळा ज होतो: ज़मीन-जमीन, ज़ोर-जोर, ज़ख्म-जखम. त्या हिशेबाने जुलूमच्या शेजारी 'जुलूप' बसायला हवा होता. मग झ आला कुठून? माझं मत असं की मराठी कानाने त्या परक्या शब्दात 'झुलणे' ऐकलं. कानशिलावर झुलतं ते झुलूप. शब्द फारसी, पण त्याला घरात घेतलं ते आपल्या क्रियापदाने. आणि उर्दूत ज़ुल्फ स्त्रीलिंगी असताना आपण 'ते झुलूप' म्हणतो, ते शेजारच्या 'ते कुलूप'चा हात धरून, असा माझा पक्का संशय आहे. एका व्याख्यानानंतर एका निवृत्त प्राध्यापकांनी मला भर सभेत ऐकवलं होतं की झुलूप शंभर टक्के 'झुलणे'वरूनच आला, फारसीचा संबंध नाही. मग शेवटचा प कुठून आला, असं मी विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

दुसरी एक टोळी आहे, 'इंग्रजी कर्ल हा आमच्या कुरळवरून' म्हणणारी. अहो, कर्ल पूर्वी 'क्रुल' होता. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने आपल्या तरुण स्क्वायरचे, म्हणजे सरदाराच्या उमेदवाराचे, केस 'क्रुल' म्हणूनच वर्णिले आहेत, जणू दाबून वळवल्यासारखे. र आणि उ यांनी पुढे जागा बदलल्या, म्हणजे कुफ्ल-कुल्फचीच उडी तिकडेही. आपल्या कुरळचं सोयरं शोधायचं तर लंडनला कशाला जाता? बेळगाव ओलांडा. कन्नडमध्ये 'कुरुळु' म्हणजे केसांची बट.

तर तो पोरगा. 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय'मधला सेड्रिक. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ही गोष्ट नोव्हेंबर १८८५पासून 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात क्रमशः आली आणि १८८६ साली पुस्तक निघालं. काळा मखमली सूट, लेसची कॉलर, आणि ती झुलपं. रेजिनाल्ड बर्चची चित्रं पाहून अमेरिकेतल्या आयांना वेडच लागलं. लेखिकेने नमुना घेतला होता आपल्याच धाकट्या मुलाचा, व्हिव्हियनचा. तो बिचारा पुढे जन्मभर 'तोच का तू?' ऐकत राहिला. १८८८ साली नाटक ब्रॉडवेवर गेलं तेव्हा सेड्रिकचं काम एल्सी लेस्ली नावाच्या मुलीने केलं, आणि १९२१च्या सिनेमात मेरी पिकफर्डने आई आणि मुलगा दोन्ही भूमिका केल्या. एव्हाना मुलग्यांना या केसांबद्दल काय वाटत असेल ते ओळखा.

पण फाँटलरॉयमुळेच सगळं सुरू झालं, हेही खरं नव्हे. मुलगा पाच-सहा वर्षांचा होऊन त्याला विजार चढेपर्यंत त्याने झगा घालावा, केस राखावेत, ही रीत आधीपासूनची. फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४चा फोटो पाहा: अडीच वर्षांचा भावी राष्ट्राध्यक्ष, पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस. हे केस कधीच कापले नसतील तर जावळ म्हणायला माझी हरकत नाही, इथे ताईंना एक गुण. त्याही आधीच्या, १८६०च्या आसपासच्या फोटोंत मुलग्यांचे केस बाजूंनी आखूड आणि डोक्याच्या मध्यावर एकच लांब गुंडाळी, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. आणि झग्यातलं पोर मुलगा की मुलगी हे ओळखायची खूण म्हणजे भांग: एका बाजूला असेल तर बहुधा मुलगा, मधोमध असेल तर बहुधा मुलगी. फाँटलरॉयने केलं ते एवढंच की जे केस विजारीबरोबर जायचे ते सात-आठ वर्षांपर्यंत लांबवले. कादंबरीकार थॉमस वुल्फ १९००चा जन्मलेला, तरी आईने त्याची झुलपं शाळेत जायच्या वयापर्यंत राखली. शाळेत काय झालं असेल ते सांगायला नको.

आणि हाच तो देश, जिथे १६४९ साली मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नराने लांब केसांविरुद्ध जाहीरनामा काढला होता.

या गुंडाळ्या निसर्गदत्त नसत. रात्री ओले केस घ्यायचे, बोटभर रुंदीच्या चिंधीवर टोकापासून मुळापर्यंत गुंडाळायचे, चिंधीची दोन टोकं टाळूजवळ गाठवायची, आणि पोराने त्या गाठींवर डोकं ठेवून झोपायचं. माझ्या आत्याने चुलतबहिणीचे केस स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री असेच बांधले होते. परीचं काम होतं. सकाळी चिंध्या सोडल्या तेव्हा एकेक गुंडाळी स्प्रिंगसारखी खाली आली, आणि दुपारच्या घामाने सगळी सरळ झाली. अमेरिकेतल्या पोरांना हे रोज. घाई असेल तर दिव्यावर तापवलेला चिमटा. तो आधी कागदावर टेकवून पाहायचा, कागद करपला तर थांबायचं.

सुटका केली ती आणखी एका कागदी पोराने. रिचर्ड औटकॉल्टच्या चित्रमालिकेतला 'बस्टर ब्राऊन' १९०२ साली न्यूयॉर्क हेरल्डमध्ये अवतरला: कपाळावर सरळ झालर, कानाशी कापलेले केस, आणि स्वभावाने इब्लिस. १९०४ साली एका बूटकंपनीने त्याचं नाव उचललं आणि ती ठेवण घरोघर गेली. चिंध्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर तीही ठेवण बाळबोध ठरली आणि पोरं न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

हां, रिंगलेट्स. शब्दशः 'छोटी वलयं', पण शुद्धिवाल्यांचं 'कुंतलवलय' वापरलंत तर मला कळवू नका. 'बटा' चालेल, पण बटेला वळण असलंच पाहिजे असं नाही. झुलपंच लिहा; गुंडाळी दाखवायची असेल तर 'वळवलेली झुलपं'. अनेकवचनाचं विचाराल तर नियमाने कुलूप-कुलुपे, तसं झुलूप-झुलुपे. तोंडाने मात्र मी कुलपं आणि झुलपंच म्हणतो, आणि ते प्राध्यापकही तसंच म्हणत होते.