कोरड्या सव्हानात, म्हणजे गवत आणि विखुरलेली झाडं असलेल्या रानात, एकाच जातीची झाडं असली तरी कार्बन साठतो का?

हो, साठतो. मोपेनचं रान बघा ना, झिम्बाब्वे, बोट्सवाना, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा उत्तर भाग, कितीतरी किलोमीटर जवळजवळ हे एकच झाड. पानं फुलपाखराच्या पंखांसारखी जोडीने, भर उन्हात मिटतात, मग झाडाखाली नीट सावलीसुद्धा मिळत नाही. पण लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बनच असतो, त्यामुळे बुटक्या झाडातही साठा चांगला.

खरा फरक बुंध्याच्या जाडीने पडतो. जाडी दुप्पट झाली की साठा साधारण पाचपट होतो, म्हणून एक जुनं झाड तोडलं तर पाव जाडीची दहा झाडं तोडण्यापेक्षा जास्त नुकसान, हे लोकांना पटवणं फार गरजेचं आहे.

हत्तींनी मोडलं किंवा वणवा लागला की मोपेन बुडातून परत फुटतं आणि झुडूपच राहतं, वरचा साठा घटतो पण मुळांतला आणि मातीतला बराचसा टिकतो, तो मोजायला विसरू नका.

जाती जास्त असल्या तर दुष्काळात सगळं एकदम मरत नाही, हा मोठा फायदा. पण नुसत्या कार्बनसाठी सव्हानात निलगिरी लावू नका प्लीज, गवतच जातं.