शॉक देणारा डॉक्टर खोटा, मग मुलाची आवडही खोटी?

प्रश्न : मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, आयसीयूत बरीच वर्षं काढलीत. मुलगा बारावी सायन्सला, नीटचा क्लास चालू. आता म्हणतो सिनेमात जायचं. आमचं दोघांचं पिक्चरवरून कधीच पटत नाही. परवा एका पिक्चरमध्ये मॉनिटरवर सरळ रेषा आली, डॉक्टरने शॉक दिला आणि पेशंट उठून बसला! मी हसले, तर हा चिडला. ‘मम्मी, ती टींऽऽ ऐकताना तुझ्या पोटात गोळा आला की नाही तेवढं सांग,’ म्हणाला. आणि हाच मुलगा मागे एक युद्धाचा पिक्चर अर्ध्यात थांबवून मला सांगत होता, की बूट चिखलात आहेत आणि आवाज फरशीवरचा येतोय. यजमान म्हणतात, दोघंही गप्प बसा. ज्याला खऱ्याखोट्यातलं कळत नाही, त्याचं या लाइनमध्ये काय होणार?

उत्तर :

नमस्कार ताई,

शॉकच्या बाबतीत तुमचंच बरोबर. सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नाही; तिथे छाती दाबत राहायची, ॲड्रेनलिन द्यायचं. शॉक लागतो तो हृदय नुसतंच थरथरत असतं तेव्हा. चिरंजीवांना सरळ आणि थरथरणारी, या दोन्ही रेषा कागदावर काढून दाखवा. पिक्चर चालू असताना नको, जेवताना दाखवा.

पण त्याला खऱ्याखोट्यातलं कळत नाही, हे मला पटलं नाही. तुम्ही विचारता, असं घडतं का? तो विचारतो, बघताना पटलं का? सिनेमावाल्यांना दोन्ही प्रश्न सोडवावे लागतात, आणि हे आजचं नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. कथा महाभारतातली, पण कीचकवध इतका जिवंत वठला की सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला. त्याच पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला. त्यात सावकारापायी जमीन गमावून शहरात मजुरीला गेलेला शेतकरी आहे, आणि ते काम केलं व्ही. शांतारामांनी. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाचा विषय निघाला की या पिक्चरचं नाव हमखास येतं. पौराणिक आणि वास्तव, दोन्ही एकाच माणसाने केलं. त्यामुळे खरं दाखवणारे तेवढे शहाणे आणि बाकीचे थापाडे, अशी वाटणी मी करत नाही. (एकेक फाइट बघताना मलाही हसू आवरत नाही, तो भाग वेगळा.)

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं. मुलाची दोन बोलणी तुम्ही लिहिलीत, आणि दोन्ही आवाजाबद्दलची आहेत. चिखलातल्या बुटाचा आवाज चुकला तर तो पिक्चर थांबवतो. म्हणजे खोटेपणा त्यालाही खुपतो, फक्त तो कानाला खुपतो. बारावीच्या मुलांना ‘सिनेमात काय करणार?’ विचारलं की दहातली बहुतेक जण ‘डायरेक्टर’ म्हणून मोकळी होतात. इतकी नेमकी तक्रार मला क्वचित ऐकायला मिळते.

पिक्चरचे आवाज ठरवण्या-घडवण्याच्या कामाला साउंड डिझाइन म्हणतात. पडद्यावर पावलं, बांगड्या, दाराची कडी असं जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं नंतर स्टुडिओत चित्र बघत बघत तयार केलेलं असतं. त्याला फोली म्हणतात. खऱ्या मारामारीत गुद्द्याचा आवाज जेमतेम येतो. पडद्यावर तसाच ठेवला तर मार लागला असं कुणालाच वाटणार नाही. तुम्हाला खोटं आणि त्याला खरं वाटतं ते नेमकं इथे. उलट बाजूही आहे : ‘लगान’ने (२००१) संवाद नंतर डब न करता शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केले. तेव्हा आपल्याकडच्या मोठ्या हिंदी सिनेमात ती पद्धत जवळपास मोडीत निघाली होती.

शिक्षणाचं सांगते. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, पण तो पदवीनंतर. पदवी कुठलीही चालते, मात्र बारावीला फिजिक्स लागतं. २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेतले. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही असाच कोर्स आहे. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा अवघड. नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भरा. मधली तीन वर्षं त्याने फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. करावं, हे माझं मत. सायन्स घेतलं ते फुकट गेलं, असं मग कुणी म्हणायचं कारण नाही. बारावीनंतर लगेच लाखोंची फी घेणारी खासगी कॉलेजं आहेत. तिथे पैसे भरण्याआधी स्टुडिओ बघा, आणि मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत ते त्या मुलांनाच विचारा.

पैशाचं स्पष्ट सांगते. पगार असा नसतो, काम असेल तेव्हा पैसे, आणि तेही वेळेवर येतीलच असं नाही. सुरुवातीला कुणाच्या तरी हाताखाली असिस्टंट म्हणून राबायचं, तेही मुंबईत, भाड्याच्या खोलीत. काही वर्षं घरून आधार द्यावा लागेल. तो जमणार का, याचा हिशेब यजमानांना बसवून करा. ‘दोघं गप्प बसा’ म्हणून त्यांची यातून सुटका नाही.

त्याआधी एक परीक्षा घ्या. दोन मिनिटांचा एक प्रसंग निवडा, आवाज पूर्ण काढून टाका आणि त्याला फोनवर घरातलेच आवाज रेकॉर्ड करून तो नव्याने भरायला सांगा. प्रसंग आयसीयूचाच घ्या. वॉर्डात रेकॉर्डिंग करायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. सक्शन मशीन कशी गुरगुरते, अलार्म कितीदा वाजतो आणि कितीदा त्याकडे कुणी बघतही नाही, हे तुम्ही सांगायचं, त्याने वाजवून दाखवायचं. तुमच्यासारखी कसून चुका काढणारी त्याला दुसरी मिळणार नाही. दोन दिवसांत कंटाळून ‘झालं’ म्हणाला, तर साउंडचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही काढलेल्या चुका दुरुस्त करून चौथ्यांदा ऐकवायला आला, तर पुण्याचं माहितीपत्रक मागवा.

राहिली नीट. फी भरलीय, अभ्यास झालाय, यंदा देऊ दे. मार्क कमी पडले तर रिपीटचं वर्ष मात्र घ्यायला लावू नका.