दाद कुणाकडे मागायची?

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजापासून फुटल्या, तो भाग तू जीव ओतून लिहिला आहेस आणि तारखाही चोख आहेत. पण चौथ्या पानावर एक वाक्य आहे : ‘राजाच्या बाजूने उभे राहिलेले लोक स्वार्थी तरी होते किंवा भित्रे तरी.’ त्याला मी लाल गोल केला आहे. तुझ्या वयाचा असताना मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं, आणि ते तपासणाऱ्यांनी तसंच जाऊ दिलं. पुढे कित्येक वर्षं वर्गात मी तेच शिकवत राहिलो. त्याची रुखरुख अजून जात नाही. त्यामुळे हे पत्र लांबणार.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी प्रजासत्ताकाचा माणूस. जन्माच्या जोरावर कुणी राज्य करावं हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तुला राजसत्तावादी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण हरलेल्या बाजूचं म्हणणं जो लिहू शकत नाही, त्याला जिंकलेल्या बाजूचंही नीट कळलेलं नसतं, एवढं मी या विषयात शिकलो.

राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची? ही म्हण आपण हतबलतेसाठी वापरतो. ती जरा उलटी करून बघ. राजा सोडून दुसऱ्या कुणीही मारलं, तर दाद मागायला राजा आहे, हे तिच्यात धरूनच चाललेलं आहे. गावातल्या बळकटाने मारलं, मालकाने मारलं, अधिकाऱ्याने मारलं, तरी वर कुणीतरी आहे, आणि तो या भांडणातला वाटेकरी नाही. राजनिष्ठेचा गाभा इथे आहे. सोन्याचा मुकुट आणि मिरवणुका ही वरची सजावट झाली.

हा धागा हातात धरून अमेरिकेची गोष्ट पुन्हा वाच. न्यूयॉर्कमध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावर बसलेला, शिशाचा, सोनेरी मुलाम्याचा पुतळा होता. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची घोषणा वाचून झाल्यावर लोकांनी तो पाडला, आणि त्या शिशाच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या. हे तू लिहिलं आहेस. पण तो पुतळा तिथे आला कसा, हे लिहिलेलं नाहीस. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर बसवणारा १७६५ चा स्टँप कायदा १७६६ मध्ये रद्द झाला, त्याची कृतज्ञता म्हणून न्यूयॉर्ककरांनीच तो करवून घेतला आणि १७७० मध्ये उभा केला. म्हणजे सहाच वर्षं तो टिकला. या सहा वर्षांत काय तुटलं, हा तुझ्या निबंधाचा खरा प्रश्न आहे.

१७७४ पर्यंत वसाहतींचे पुढारी राजाविरुद्ध बोलतच नव्हते. त्यांचं भांडण पार्लमेंटशी होतं. आमचं नातं राजाशी आहे, लंडनमध्ये बसलेल्या आणि आम्ही न निवडलेल्या सभासदांशी नाही, असं ते म्हणत. जेफरसनने तर त्या वर्षी राजालाच सुचवलं की पार्लमेंटचे अन्यायी कायदे त्याने आपल्या अधिकारात नाकारावेत. तो अधिकार इंग्लंडमध्ये शेवटचा वापरला गेला होता १७०८ मध्ये, अॅन राणीच्या काळात. गंमत नाही ही. नंतर जो माणूस राजाविरुद्धच्या घोषणेचा मसुदा लिहितो, तो दोनच वर्षं आधी राजाला सांगत होता की तू जास्त राजा हो.

जॉर्जला ते नको होतं. आपण पार्लमेंटचाच अधिकार राखतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही, आणि २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. दाद मागायला आलेल्यांच्या तोंडावर दार लागलं ते हे. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनच्या पुस्तिकेने राजेशाहीवरच घाव घातला, तेव्हा तो इतका खोल गेला, कारण जिच्यावर घातला ती आशा आधीच जखमी होती. जुलैच्या घोषणेतली गाऱ्हाणी बघ : ‘त्याने हे केलं, त्याने ते केलं.’ पार्लमेंटचं नावसुद्धा त्यात सरळ येत नाही. नातं ज्याच्याशी होतं, काडीमोडही त्याच्याशीच व्हायचा होता.

आता तुझे ‘स्वार्थी आणि भित्रे’. थॉमस हचिन्सन बोस्टनमध्येच जन्मला. स्टँप कायदा त्याला खाजगीत चुकीचाच वाटत होता. तरी २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री जमावाने त्याचं घर भिंतींपर्यंत सोलून काढलं. त्याने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाची हस्तलिखित पानं रस्त्यावरच्या चिखलात पडली. पुढे तो गव्हर्नर झाला, १७७४ मध्ये इंग्लंडला गेला आणि १७८० मध्ये घराची आस धरूनच तिथे मेला. त्याच्या चुका होत्या, मोठ्या होत्या. पण जमावाचं राज्य कसं असतं हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. बोस्टनचे एक धर्मोपदेशक माथर बाइल्स यांच्या नावावर एक प्रश्न सांगतात : तीन हजार मैलांवरचा एक जुलमी बरा, की एका मैलावरचे तीन हजार? ते शब्द नेमके त्यांचेच असोत वा नसोत, राजनिष्ठांची भीती त्यात पुरती उतरली आहे.

पेनसिल्व्हेनियाचा पुढारी जोसेफ गॅलोवे, त्याचं नाव तुझ्या निबंधात नाही, ते घाल. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसपुढे त्याने योजना मांडली : सगळ्या वसाहतींची मिळून एक सभा, तिच्यावर राजाने नेमलेला अध्यक्ष, आणि वसाहतींना लागू होणाऱ्या कायद्याला ती सभा आणि पार्लमेंट दोघांचीही संमती. सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ती बाजूला पडली, आणि नंतर इतिवृत्तातूनही काढली गेली. एका मताने हरलेली गोष्ट इतिवृत्तातून पुसावी लागते, यावर तू थांबून विचार कर.

पण सभागृहातली माणसं इथेच ठेवू. मला ज्यांच्यापाशी तुला न्यायचं आहे ती वेगळीच आहेत.

७ नोव्हेंबर १७७५ रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांच्या मालकीचे जे गुलाम राजाच्या फौजेत येऊन लढतील ते स्वतंत्र. डनमोर कुणी संत नव्हता; त्याचे स्वतःचेही गुलाम होते, आणि हा जाहीरनामा युद्धाचा डाव होता. तरी हजारो माणसं पळून आली. मालक सभांमधून स्वातंत्र्यावर बोलत होता आणि त्याच मालकाच्या तावडीतून सुटायला राजाचा झेंडा हीच एक जागा होती. १७८३ मध्ये युद्ध संपून तह झाला. पळालेले गुलाम परत द्या, अशी मागणी अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनने न्यूयॉर्कमधल्या इंग्रज सेनापती गाय कार्लटनपुढे ठेवली. राजाच्या नावाने दिलेलं वचन मोडणार नाही, असं कार्लटनचं उत्तर होतं. त्याने सुमारे ३,००० जणांची नोंदवही करवून घेतली आणि त्यांना जहाजांत बसवून दिलं. बरेचसे नोव्हा स्कोशियात गेले. तिथे कबूल केलेली जमीन नीट मिळाली नाही, हालअपेष्टा झाल्या, आणि १७९२ मध्ये त्यांच्यातले सुमारे १,२०० जण पुन्हा समुद्र ओलांडून सिएरा लिओनला गेले. आता त्या नोंदवहीतल्या एखाद्या नावासमोर तुझं वाक्य ठेवून बघ. स्वार्थी? भित्री? आणि हेही लिही की गोरे राजनिष्ठ बहामा आणि जमैकाला गेले ते आपले गुलाम सोबत घेऊनच. राजाच्या झेंड्याखाली दोन्ही जहाजं निघाली. एक दाखवून दुसरं लपवलंस तर तो इतिहास राहणार नाही.

मूळनिवासींचंही तसंच. १७६३ च्या राजाज्ञेने अपालाचियन डोंगरांच्या पश्चिमेला गोऱ्यांच्या वस्तीला मनाई केली होती. ती रेघ वसाहतवाल्यांना डाचत होती, मूळनिवासींना मात्र ती भिंत वाटत होती. मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट लंडनला जाऊन राजाला भेटला, आणि त्याचे लोक राजासाठी लढले. १७८३ च्या पॅरिस तहात त्यांचा साधा उल्लेख नाही. राजाच्या प्रतिनिधींनी त्यांची भूमी त्यांना न विचारता देऊन टाकली. पुढच्या वर्षी कॅनडात ग्रँड नदीकाठी त्यांना जमीन मिळाली, तीसुद्धा नंतर कातरली जात राहिली.

हे चित्र फक्त इंग्रजांच्या वसाहतीत नाही. १७९१ मध्ये फ्रान्सच्या सँ-दोमँगमध्ये, आजच्या हैतीत, गुलामांचा उठाव झाला. तिथे अशी बातमी पसरली होती की राजाने आठवड्याला तीन दिवस सुट्टीचे दिले आहेत आणि मालक ती आज्ञा दडपून बसले आहेत. अशी आज्ञा निघालीच नव्हती. पण वर कुणीतरी न्यायी आहे आणि मधले लोक त्याचा शब्द अडवतात, ही समजूत माणसाला उठून उभं राहण्याचं बळ देऊ शकते. १७९३ मध्ये मकाया नावाच्या नेत्याने फ्रेंच प्रजासत्ताकाचा प्रस्ताव नाकारताना सांगितलं की मी तीन राजांची प्रजा आहे : काळ्यांचा स्वामी कोंगोचा राजा, वडिलांच्या जागी फ्रान्सचा राजा, आईच्या जागी स्पेनचा राजा. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या पास्तोचे मूळनिवासी शेतकरी स्वातंत्र्यवाद्यांचा सेनानी बोलिव्हार याच्याविरुद्ध स्पेनच्या राजासाठी लढत राहिले. राजाच्या कायद्यात त्यांच्यावर कर होता, पण त्यांच्या सामाईक जमिनींना संरक्षणही होतं. १८२२ च्या नाताळात बोलिव्हारच्या फौजेने ते गाव लुटलं, कत्तल केली. त्यांचा पुढारी अगुआलोंगो १८२४ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. त्याच वर्षी पेरूत बोलिव्हारने सामाईक जमिनी वाटून खाजगी करण्याचा हुकूम काढला. हेतू माणसाला मोकळं करण्याचा होता. पण अशा जमिनी पुढे कुणाच्या घशात जातात, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

स्पेनच्या बाबतीत कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात टिपून ठेव. अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखातले अनेक जण आपल्या देशांना वसाहत म्हणतच नसत. आम्ही कॅस्टिलच्या, म्हणजे स्पेनच्या राजाच्या, गादीची राज्यं आहोत, स्पेन देशाच्या मालकीची नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड याला कैद केल्यावर अमेरिकेत ज्या समित्या झाल्या त्या राजाच्याच नावाने झाल्या. काहींचा तो मुखवटा होता, सगळ्यांचा नव्हता. राजा १८१४ मध्ये परतला आणि त्याने काय केलं? स्पेनची १८१२ ची राज्यघटना रद्द केली आणि पुढच्या वर्षी फौज पाठवली. तरीही १८२१ मध्ये मेक्सिकोने स्वातंत्र्याची योजना आखली तिच्यात सिंहासन फर्डिनांडला किंवा त्याच्या घराण्यातल्या कुणाला देऊ केलं होतं! माद्रिदने ते झिडकारलं. तिकडे १८१६ मध्ये आजच्या अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या सभेत स्वातंत्र्यवादी पुढारी बेलग्रानोने इंका घराण्यातला राजा गादीवर बसवा, असं सुचवलं होतं. फुटून निघणारे सगळे राजाला विटलेले होते, हे तुझ्या निबंधाचं गृहीतक इथेच कोसळतं.

ब्राझीलमध्ये तर गादीच फुटून निघाली. पोर्तुगालचा दरबार १८०८ मध्ये रिओला आला. राजा १८२१ मध्ये परतला, मुलगा मागे राहिला, आणि ७ सप्टेंबर १८२२ रोजी त्यानेच स्वातंत्र्य पुकारलं. शेजारच्या स्पॅनिश मुलखाचे तुकडे होत असताना तो अफाट देश एकसंध राहिला. राजसत्तावाद्यांचं हे सर्वांत आवडतं उदाहरण, आणि ते पोकळ नाही. फक्त त्याच गादीखाली गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली, हे त्याच परिच्छेदात यायला हवं.

आता मला जे खरंच म्हणायचं आहे ते. राजनिष्ठांना सर्वांत मोठा दगा बंडखोरांनी दिला नाही, राजांनी दिला. जॉर्जने अर्ज नाकारला, ब्रँटची भूमी तहात देऊन टाकली. फर्डिनांडने समोरून चालत आलेला मेक्सिकोचा मुकुट घालवला. ‘वर कुणीतरी आहे’ या विश्वासावर माणसांनी घरंदारं सोडली, आणि वरचा माणूस बहुतेक वेळा आपल्या दरबाराच्या, आपल्या पार्लमेंटच्याच बाजूचा निघाला. या विश्वासाची थट्टा करू नकोस. तो फसला म्हणून तो खोटा होता असं होत नाही.

जॉर्जवरही अन्याय नको. १७८३ मध्ये त्याने गादी सोडण्याचा मसुदा लिहिला होता. तो कागद आजही आहे. १ जून १७८५ रोजी अमेरिकेचा राजदूत म्हणून जॉन अॅडम्स त्याच्यासमोर उभा राहिला. अॅडम्सने लिहून ठेवलं आहे त्याप्रमाणे राजा म्हणाला की या ताटातुटीला संमती देणारा मी शेवटचा होतो, पण ती झाली आहे तर तुमच्या मैत्रीचं स्वागत करणारा मी पहिला असेन.

शेवटच्या प्रकरणात १९३१ पर्यंत ये. त्या वर्षीच्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ठरलं की कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांवर लंडनच्या पार्लमेंटचा कायदा त्यांनी मागितल्याशिवाय चालणार नाही. त्यांना बांधणारा दुवा म्हणजे फक्त सामाईक गादी. १७७४ मध्ये वसाहती हेच मागत होत्या. पुढे १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने तोही दुवा सैल झाला : भारत प्रजासत्ताक होणार, राजाशी निष्ठा ठेवणार नाही, पण राजाला राष्ट्रकुलाचं प्रतीक मानेल. इथवर आलीस की थांब. त्यापुढचं तुझ्या विषयात बसत नाही.

एक कामाची सूचना. ‘राजा’, ‘गादी’ आणि ‘सरकार’ हे तीन शब्द तू एकाच अर्थाने वापरले आहेस. प्रत्येक ठिकाणी नेमकं कोण अभिप्रेत आहे ते ठरवून बदल. निम्मा निबंध आपोआप सुधारेल. आणि सुरुवात पुढाऱ्यांपासून करू नकोस. युद्धानंतर लंडनमध्ये राजनिष्ठांच्या नुकसानभरपाईसाठी आयोग बसला होता, त्याच्यापुढचे अर्ज वाच. त्यातले बायकांचे अर्ज आधी काढ. घरादाराची, जमिनीची किंमत त्यांतल्या पुष्कळजणींना सांगता आलेली नाही, पण घरातलं भांडंकुंडं, कापडचोपड त्या एकेक करून लिहीत जातात. त्यातला एक अर्ज निवड, पूर्ण मराठीत उतरव, आणि चौथ्या पानावरचं ते वाक्य काढून तिथे तो ठेव. मग मला पाठव.

तुझा,
सर